वाचकांचे प्रश्न : मंदी आली आहे, की नुसता बाजार थंड आहे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली आणि चारही सांगली-सातारा भागातली होती. त्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून येथे त्यांनाच उत्तरे दिली आहेत. पहिले पत्र लांब आहे, पण त्यातला वाद इतका जिवंत आहे की त्याला फारशी कात्री लावावीशी वाटली नाही.

प्रश्न : आम्ही सहा-सात जण रोज सकाळी सांगलीच्या आमराईत फिरतो आणि नंतर बाहेर चहा घेतो. गेले दोन महिने चहा निवतो, पण मंदीचा वाद निवत नाही. आमच्यातील एकांचे गणपती पेठेत कापडाचे दुकान आहे. त्यांचे म्हणणे असे की, मंदी नाही म्हणणाऱ्याने एक दिवस माझ्या गल्ल्यावर बसून दाखवावे. मार्केट यार्डातले अडते विचारतात, हळदीला एवढा भाव असताना मंदी कसली? कुपवाडच्या एमआयडीसीत मशीन शॉप चालवणारे आमचे मित्र म्हणतात, खरी मंदी 2019 मध्ये होती, आताची काहीच नाही. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ वर्तमानपत्रातील विकासदराचा आकडा वाचून दाखवतात आणि 'लागोपाठ दोन तिमाह्या उत्पन्न घटले तरच मंदी' असे सांगून विषय संपवू पाहतात. मी निवृत्त शिक्षक आहे. मला प्रत्येकाचे थोडे थोडे पटते, म्हणून मला कोणाचीच बाजू घेता येत नाही. आमच्यात बरोबर कोण?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या चहाच्या टपरीवर एकच शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जात आहे, आणि वाद मिटत नाही याचे निम्मे कारण तेच आहे. 'तेजी-मंदी' ही जोडी पेठेतली. तिथे भाव चढला की तेजी आणि उतरला की मंदी, आणि अडते याच अर्थाने बोलत आहेत. दुकानदाराची मंदी गिऱ्हाइकाची आहे, म्हणजे मालाला उठाव नाही, उधारी वाढली आहे आणि वसुली होत नाही. बँकेतील गृहस्थांची मंदी देशाच्या एकूण उत्पादनाची आहे आणि तिचा भावाशी किंवा एखाद्या पेठेतील वर्दळीशी थेट संबंध नसतो. या तीन मंद्या एकाच वेळी येऊ शकतात, पण तसे झालेच पाहिजे असे नाही.

प्रथम बँकेतील गृहस्थांचा नियम पाहू, कारण तो सर्वांत ठाम वाटतो. दोन तिमाह्यांचे हे माप ज्युलियस शिस्किन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 1974 मध्ये वृत्तपत्रातील एका लेखात इतर काही कसोट्यांबरोबर मांडले होते. पुढे बाकीच्या कसोट्या मागे पडल्या आणि लक्षात ठेवायला सोपी म्हणून ही एकच उरली. खुद्द अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी संस्थेची अर्थतज्ज्ञांची समिती ठरवते, आणि ती रोजगार, लोकांचे खरे उत्पन्न, विक्री, कारखानदारी असे अनेक आकडे एकत्र पाहते. 2022 मध्ये तिथल्या पहिल्या दोन तिमाह्यांत उत्पन्न घटल्याचे आकडे जाहीर झाले, तरीही या समितीने मंदी जाहीर केली नाही, कारण नोकऱ्या वाढतच होत्या. उलट 2020 मधील फेब्रुवारी ते एप्रिल ही जेमतेम दोन महिन्यांची घसरण तिने मंदी म्हणून नोंदवली. शिवाय ही समिती घाई करत नाही. डिसेंबर 2007 मध्ये सुरू झालेली मंदी तिने डिसेंबर 2008 मध्ये जाहीर केली, म्हणजे तोवर लोक वर्षभर मंदीतच राहत होते. आपल्याकडे असा निवाडा करणारी अधिकृत समितीच नाही.

तरीही, देशाच्या मापाने बोलायचे तर बँकेतील गृहस्थ बरोबर आहेत. 2024-25 मध्ये भारताचे उत्पन्न, महागाई वजा करून, सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढले. स्वातंत्र्यानंतर पूर्ण वर्षाचे उत्पन्न घटल्याची वर्षे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत : 1957-58, 1965-66, 1972-73, 1979-80 आणि 2020-21. शेवटचे वर्ष करोनाचे. त्या आधीच्या वर्षांमागे प्रामुख्याने पावसाने दिलेली ओढ होती आणि 1979-80 मध्ये त्यात तेलाच्या भाववाढीची भर पडली. म्हणजे आपल्या देशात मंदी बहुतेक वेळा आभाळातून आलेली आहे, शेअर बाजारातून नव्हे.

या यादीतल्या 1972-73 वर मात्र थोडे थांबावे लागेल. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, खानापूर या तालुक्यांतल्या कोणत्याही वृद्ध माणसाला विचारले, तर तो दुष्काळातली मिलो ज्वारी, वाटपात मिळणारी सुकडी, खडी फोडण्याची कामे आणि दावणीची जनावरे सोडून देण्याचे दिवस सांगेल. महाराष्ट्रातील खेड्यांच्या आठवणीत याहून वाईट वर्ष नाही. आणि त्या वर्षी देशाचे उत्पन्न किती घटले? एक टक्क्याहूनही कमी. ज्या आपत्तीने अर्धा महाराष्ट्र रस्त्याच्या कामावर आणला, ती देशाच्या सरासरीत इतकी विरघळून गेली की आकड्यात जेमतेम दिसते. माझ्या मते आपल्या सर्व वादाचे उत्तर याच एका उदाहरणात आहे. देशाचा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या तालुक्याविषयी काही सांगत असतो अशी समजूत करून घेणे चुकीचे असते.

आता मशीन शॉपवाल्या मित्रांकडे वळू. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी तासातासाला विचारत बसलेल्या सांगलीकरांना एक फरक समजावून सांगावा लागणार नाही : पाणी चढण्याचा वेग कमी होणे वेगळे आणि पाणी उतरणे वेगळे. तासाला फूटभर चढणारे पाणी तासाला इंचभर चढू लागले, तरी ते चढतच असते. अर्थव्यवस्थेचेही तसेच असते, फक्त तिथे चढणे हवेहवेसे असते. योगायोग असा की, ज्या महिन्यात सांगलीत महापूर होता, त्याच महिन्यात देशातील प्रवासी मोटारींची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या तुलनेत 31 टक्क्यांहून अधिक घटली होती. मोटारींच्या सुट्या भागांवर चालणाऱ्या कुपवाडसारख्या वसाहतींत पाळ्या कमी झाल्या आणि ओव्हरटाइम बंद झाला. मात्र 2019-20 या वर्षात देशाचे एकूण उत्पन्न चार टक्क्यांच्या आसपास वाढलेच होते. म्हणजे देशाचा वेग मंदावला होता आणि एका उद्योगात खरोखर मंदी होती. आपल्या मित्रांना ती 'खरी मंदी' वाटली, कारण ती त्यांच्या लेथवर आली होती.

अडत्यांचे म्हणणे मला सर्वांत कच्चे वाटते. भाव चढा असणे हे सुबत्तेचे लक्षण असतेच असे नाही. 2023 च्या उन्हाळ्यात क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास फिरणारी हळद त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत दुपटीच्या घरात गेली. त्याचे मोठे कारण लागवड कमी झाली होती आणि पावसाने लहर दाखवली होती, हे होते. हळदीची मुख्य आवक फेब्रुवारी ते मे या काळात होते. ज्या लहान शेतकऱ्याने कर्जफेडीसाठी मार्चमध्येच पोती सौद्याला लावली, त्याच्या घरी ती तेजी पोहोचलीच नाही. ती पोहोचली माल धरून ठेवण्याची ऐपत असलेल्यांकडे. आपले अडते कोणत्या गटात येतात, हे त्यांना चहा पिताना हसत हसत विचारायला हरकत नाही.

राहता राहिले कापड दुकानदार. त्यांच्या अनुभवावर मला शंका घ्यायची नाही, पण त्यांनी गल्ला मोजण्याऐवजी एकदा नग मोजावेत असे सुचवावेसे वाटते. समजा, गेल्या वर्षी दिवाळीच्या महिन्यात त्यांची विक्री 10 लाख रुपयांची होती आणि या वर्षी 10 लाख 30 हजारांची झाली. कापडाचे भाव दरम्यान पाच टक्क्यांनी वाढले असतील, तर रुपये वाढूनही माल कमीच खपला. राष्ट्रीय उत्पन्नाचा विकासदर सांगताना हीच दुरुस्ती केलेली असते. नग खरोखर कमी झाले असतील, तर पुढचा प्रश्न असा की गिऱ्हाईक कपडे घेत नाही, की दुसरीकडून घेते? मोबाइलवरून मागवलेल्या साडीची पार्सले घेऊन फिरणारी मुले गणपती पेठेच्या मागच्या गल्लीतही दिसतात. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाणे ही त्या दुकानदारावरची आपत्ती आहे, परंतु ती मंदी नव्हे.

तिसरी शक्यता आपल्या जिल्ह्याची खास आहे. इथल्या कापडाची, भांड्यांची आणि दुचाकींची विक्री ऊसबिलावर हलते. ऊस गाळपाला गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हे पैसे जेव्हा लांबतात, तेव्हा देश साडेसहा टक्क्यांनी वाढत असला तरी सांगलीच्या पेठेत माशा मारत बसावे लागते, आणि बिले जमा झाली की त्याच आठवड्यात उधारीच्या वह्यांवर रेघा पडू लागतात. दुकानदारांनी आपली मागील तीन वर्षांची वही काढून, विक्री खाली गेलेले महिने आणि परिसरातील कारखान्यांची बिले लांबलेले महिने जुळतात का, हे पाहावे. मला वाटते, बरेच जुळतील.

तेव्हा, शब्दाच्या नेमक्या अर्थाने बँकेतील गृहस्थ बरोबर आहेत, पण आकडा वाचून झाल्यावर ते जेव्हा दुकानदाराला गप्प बसवू पाहतात, तेव्हा ते चुकतात. आपण मात्र सगळ्यांचे थोडे थोडे पटते म्हणून संकोचू नये, कारण त्या टपरीवर विषय सर्वांत जास्त आपल्यालाच समजला आहे.

प्रश्न : जीएसटीची वसुली दर काही महिन्यांनी विक्रमी झाल्याचे आपण वाचतो. कर इतका जमा होत असेल, तर व्यवहारही तितकेच होत असणार. मग लोक मंदी मंदी का म्हणतात?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : एप्रिल 2024 मध्ये ही वसुली 2 लाख 10 हजार कोटी रुपये झाली आणि एप्रिल 2025 मध्ये सुमारे 2 लाख 37 हजार कोटी रुपये, हे खरे आहे. एप्रिलचा आकडा नेहमीच फुगलेला असतो, कारण त्यात मार्चअखेर उरकलेले व्यवहार येतात. शिवाय हे आकडे चालू रुपयांतले असतात. वस्तू महागली की तिच्यावरचा करही वाढतो. आयात मालावरचा जीएसटीही यातच मोजला जातो आणि तो माल आपल्या कारखान्यात तयार झालेला नसतो. पूर्वी कच्च्या पावतीवर होणारी विक्री पक्क्या बिलावर आली, तरीही वसुली वाढते, पण त्यामुळे एकही नवे पोते विकले गेलेले नसते. म्हणून वसुली वाढणे हे चांगलेच लक्षण असले, तरी बाजार किती हलतो आहे याचा तो फक्त एक पुरावा आहे, तोही थोडा सैल.

टक्केवारीबाबतही अशीच सावधगिरी लागते. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घटले आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 20.1 टक्क्यांनी वाढले. हे ऐकून अनेकांना गेलेले जवळजवळ परत आल्यासारखे वाटले. पण 100 चे 76 झाले आणि त्या 76 वर 20 टक्के वाढ झाली, तर 91 होतात. 100 गाठायला अजून बरेच अंतर उरते. मंदी संपणे आणि आधीच्या पातळीवर परत येणे, या दोन घटनांमध्ये काही वेळा वर्ष-दीड वर्ष जाते, आणि लोकांच्या तोंडी 'मंदी' हा शब्द तेवढा काळ राहतो.

प्रश्न : आमचे गाव पाटण तालुक्यात आहे. घरटी एक-दोन माणसे मुंबई-नवी मुंबईत माथाडी, वाहनचालक किंवा दुकानात कामाला आहेत. टीव्हीवरचे विकासदराचे आकडे काढणारे आमच्या गावात कधी आलेले पाहिले नाहीत. मग त्यांना आमची परिस्थिती कशी कळते?
— एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय प्रत्येक तिमाहीचा आकडा ती तिमाही संपल्यावर साधारण दोन महिन्यांत जाहीर करते. इतक्या थोड्या वेळात गावोगावची माहिती गोळा होणे शक्य नसते. पीक अंदाज, सिमेंट-पोलादाचे उत्पादन, रेल्वेची मालवाहतूक, मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद अशा लवकर हाती येणाऱ्या गोष्टींवरून तो बांधला जातो. किराणा दुकान, सुतार, टेम्पोवाला यांचा हिस्सा बऱ्याच अंशी अन्य आकड्यांच्या आधारे अदमासाने धरला जातो. मोठे आणि लहान एकाच गतीने चालत असतील, तर हा अदमास जमतो. मोठ्यांची भरभराट आणि लहानांची ओढाताण एकाच वेळी चालू असेल, तेव्हा तो चुकण्याची शक्यता वाढते. म्हणूनच हे आकडे पुढे दोन-तीन वर्षे दुरुस्त होत राहतात. 2023-24 चा विकासदर आधी 8.2 टक्के सांगितला गेला आणि नंतर तो 9.2 टक्के झाला. या वेळी तो वाढला, पण इतर काही वेळा कमीही झालेला आहे. लोकांना थेट विचारणारी पाहणीही रिझर्व्ह बँक करते, पण तिची गाजलेली ग्राहक विश्वास पाहणी मुंबई, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांतल्या घरांची असते. तिच्यात एक मौज नेहमी आढळते : आजच्या परिस्थितीविषयी नाराजी व्यक्त करणारी माणसे पुढचे वर्ष चांगले जाईल असे मात्र बहुधा सांगतात.

आपल्या भागाने तर देशाचे आकडे आणि गावाची स्थिती यांतील फारकत फार पूर्वीच पाहिली आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले पुष्कळ सातारा जिल्ह्यातले व कोकणातले होते. मनीऑर्डरी थांबल्या, माणसे गावी परतली, अनेकांची गिरणीतली जागा कायमची गेली. त्या वर्षी देशाचे उत्पन्न वाढलेच होते. पाटणच्या एखाद्या वाडीला हे सांगून काय उपयोग झाला असता?

तेव्हा आकड्यांची वाट न पाहता गावातच काही गोष्टींकडे लक्ष ठेवावे. मुंबईहून सणाला आलेली पोरे सण झाल्यावर परत जातात, की 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून थांबतात? खुरपणीची मजुरी वाढते आहे, थबकली आहे, की मजूर कमी पैशांत तयार होत आहेत? पतसंस्थेचे हप्ते कोण चुकवत आहे, नेहमीचेच लोक की कधीही न चुकवणारे? यांत सर्वांत बोलका प्रश्न रोजगार हमीचा आहे. वि. स. पागे यांनी या योजनेचा पहिला प्रयोग आमच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूरला केला. तिचा गाभाच असा होता की, मागेल त्याला काम आणि तेही कष्टाचे व थोड्या मजुरीचे. दुसरे काही मिळत असेल तर माणूस अशा कामावर सहसा जात नाही. त्यामुळे त्या कामाची मागणी अचानक वाढली, तर गावात मंदी आहे हे सांगायला कोणत्याही कार्यालयाच्या दाखल्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या विटा भागातल्या अनेक घरांप्रमाणे माझे यजमान गलाईच्या, म्हणजे जुने सोने आटवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त परराज्यात असतात. सोन्याचा भाव वाढल्यापासून त्यांच्याकडे मोड पुष्कळ येते आणि काम चांगले चालले आहे. पण माझी जाऊ म्हणते, लोक अडचण आहे म्हणून सोने मोडतात, म्हणजे आपली तेजी ही दुसऱ्याची मंदी आहे. तेव्हापासून मनाला जरा टोचणी लागली आहे. तिचे म्हणणे खरे आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : आपल्या जाऊबाईंनी नकळत एका जुन्या घटनेवर बोट ठेवले आहे. 1929 नंतरच्या महामंदीत आपल्या देशातील शेतीचे उत्पादन फारसे घटले नव्हते. पिके येतच होती. घटले होते भाव, आणि तेही अनेक पिकांचे जवळजवळ निम्म्यावर आले होते. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र पूर्वीच्याच रुपयांत द्यावे लागत होते. ज्या देणीसाठी आधी दोन पोती विकावी लागत, त्यासाठी चार विकण्याची पाळी आली. अशा वेळी सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटनने सोन्याशी असलेली आपल्या चलनाची सांगड सोडली, रुपयांतला सोन्याचा भाव वाढला, आणि घराघरांतले दागिने बाहेर पडू लागले. पिढ्यान्पिढ्या सोने बाहेरून आणणारा देश त्या काही वर्षांत सोने बाहेर पाठवू लागला. त्या वेळी सराफाची आणि गलाईवाल्याची तेजी खरोखरच शेतकऱ्याच्या मंदीवर उभी होती.

आज मात्र तसे सरसकट म्हणता येणार नाही. भाव चढला की अडचण नसलेली माणसेही जुने, न वापरलेले दागिने काढतात. लग्नघरे नवे घेण्याचे पैसे वाचवण्यासाठी जुने आटवून घडवतात. 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखापर्यंत पोहोचल्यावर तर हा मोह स्वाभाविकच होता. दुसरीकडे, 2024-25 मध्ये बँकांची सोनेतारण कर्जे जवळपास दुप्पट झाली. यातील काही वाढ कर्जांचे वर्गीकरण बदलल्यामुळे दिसते आणि काही भावामुळे, कारण त्याच बांगडीवर आता जास्त कर्ज मिळते. पण उरलेल्या वाढीत ओढाताण नाही असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

हे दोन्ही प्रकार वेगळे करण्याची सोय आमच्याकडे नाही. ती आपल्या यजमानांकडे आहे. भट्टीवर येणारे सोने कोठून आले, हे त्यांना सराफांकडून आणि थेट येणाऱ्या लोकांकडून कळत असते. जुने देऊन नवे घडवणारे किती आणि जुने देऊन रोख रक्कम घेऊन जाणारे किती, एवढे त्यांनी दोन-तीन महिने वहीच्या मागच्या पानावर, कोणाचे नाव न लिहिता, टिपून ठेवावे. रोखीवाले वाढत चालले असतील, तर जाऊबाईंचे म्हणणे खरे धरावे लागेल. ती टिपणे आपण आम्हाला पाठवलीत, तर या सदरात जरूर छापू.